टोपलीतले कपडे कुणाचे?

एका वाचक भगिनींचं चार पानी पत्र आलं आहे. नावगाव वगळून थोडक्यात सांगते. वर्षभरापूर्वी त्यांच्या यजमानांच्या कामाचे तास कमी झाले आणि घरात येणारा पैसा आटला. त्यांची स्वतःची नोकरी अर्ध्या वेळेची. मुलगी १३ वर्षांची, मुलगा ८ वर्षांचा. कुठेतरी हात आखडायला हवा म्हणून त्यांनी कपड्यांच्या खर्चाला हात घातला. आपण चारही मुलांचे कपडे घरीच शिवले, असं सासूबाई नेहमी सांगत आल्या आहेत. ते मनात होतंच. त्यांनी हप्त्यांवर शिलाई मशीन घेतलं, व्हिडिओ बघून शिकल्या, सवलतीत दिसेल तसं कापड घेऊन ठेवलं. आठ महिन्यांत हाती काय लागलं, तर मुलीचा एक टॉप, चार अभ्रे आणि एक अर्धवट शर्ट. उसवलेल्या-फाटलेल्या कपड्यांची टोपली मात्र भरून वाहते आहे. यजमान म्हणतात, ‘याहून स्वस्तात तयार मिळतं.’ मुलीने तो टॉप एकदाच घातला, मैत्रिणी काहीतरी बोलल्या, आणि तो कपाटाच्या तळाशी गेला. गुडघ्याला ठिगळ लावलेल्या पँटकडे तर ती बघतही नाही. बाई रात्री सगळे झोपल्यावर मशीनवर बसतात. डोळे दुखतात, टी-शर्टवर टीप मारली की मधले टाके सुटतात. त्यांचा प्रश्न असा: ‘पैसे वाचवायला निघाले आणि खर्च वाढवून बसले. मशीन विकून टाकू का? की माझ्यातच चिकाटी कमी आहे?’

नमस्कार,

चिकाटीचं आधी निकालात काढू. नोकरी, दोन मुलं, घर आणि वर आठ महिने रात्रीचं जागरण. तुमच्यात चिकाटी नाही असं म्हणायची कुणाची टाप आहे? तुमचं काही चुकलं असेल तर ते हिशोबात. आणि तो हिशोब तुम्ही एकट्याने मांडलात, एकट्याने निभावायला घेतलात, हे मला पत्रात जास्त टोचलं. त्याकडे येतेच.

आधी जरा कडू लागेल असं सांगते. नवा कपडा घरी शिवण्यापुरतं तुमच्या यजमानांचं म्हणणं खरं आहे. कारखान्यात कापडाचे कितीतरी थर एकावर एक रचून एका दमात कापतात. दोरा, बटणं, चेन सगळं घाऊक घेतात. आपण दीड-दोन मीटर कापड घेतो, वर अस्तर, दोरा आणि चेन वेगळी. शिकताना दोन-चार कपडे बिघडतातच, त्यांचं कापडही आपल्याच खिशातून जातं. मी पहिला शर्ट शिवला तेव्हा दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या होत्या. त्या कापडाची पुढे पायपुसणी झाली. पायपुसणी म्हणून फार महाग पडली.

मग सासूबाई खोटं सांगतात का? मुळीच नाही. पण त्या ‘घरी शिवलं’ म्हणतात तेव्हा आपल्याला फक्त ‘शिवलं’ ऐकू येतं. एकदा निवांत बसून विचारा, की एकेका मुलाला कपडे होते तरी किती? मोठ्याचे धाकट्याकडे कसे जायचे? फाटल्यावर त्यांचं काय व्हायचं? माझा अंदाज आहे, खरी काटकसर तुम्हाला या उत्तरांत सापडेल, मशीनच्या चाकात नाही. तेव्हा तयार कपडा कापडाच्या मानाने महाग होता, म्हणून शिवणंही परवडायचं. आता ते गणित उलटं झालं आहे. दुरुस्तीचं गणित मात्र तेव्हा होतं तसंच आहे.

ते मांडून बघू या. एक शर्ट आठवड्यातून एकदा अंगावर येतो असं धरा. वर्षाला ५२ वेळा. वर्षभरात कॉलरची घडी घासून पांढरी पडते, दशा निघतात, आणि बाकीचा शर्ट ठणठणीत असूनही आपण तो बाजूला टाकतो. आता कॉलर उसवून, पालटून, घासलेली बाजू खाली घालून पुन्हा बसवली तर तोच शर्ट आणखी वर्षभर चालेल. खर्च काय? तासभर वेळ आणि हातभर दोरा. नव्या शर्टाला तुमच्या दोन-तीन रात्री जातात, कापडाचे पैसे जातात, आणि हाती येतो तोही एकच शर्ट. तेव्हा मशीन घेणं चुकलं नाही, त्यावर काय शिवायला घेतलं ते चुकलं.

हप्त्यांचंही फार मनाला लावून घेऊ नका. हप्ता आणि शिलाई मशीन यांची जोडी फार जुनी आहे. आयझॅक सिंगर यांना मशीनचं पेटंट मिळालं १८५१ मध्ये, आणि १८५६ पासून त्यांची कंपनी घरगुती गिऱ्हाइकांना ते हप्त्यांवर विकू लागली. एकरकमी पैसे मोजून मशीन घेणं तेव्हाही सामान्य घराच्या आवाक्याबाहेर होतं.

दुरुस्तीच्याही आधी कपडा जपणं येतं, याचा एक जुना दाखला देते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांवर रेशन लागलं. पहिल्या वर्षी मोठ्या माणसाला ६६ कूपनं, त्यातच वर्षभराचे कपडे आणि बूट बसवायचे. ते संपलं १९४९ मध्ये. मधल्या काळात, १९४३ साली, तिथल्या सरकारने ‘मेक डू अँड मेंड’ नावाची पुस्तिका काढली. ‘आहे त्यात भागवा आणि दुरुस्त करा’ असा त्या नावाचा साधारण अर्थ. मला त्यातलं आवडतं ते हे, की ठिगळं आणि रफू यांच्या जोडीने कपडे जपण्यालाही तिथे जागा दिली आहे. धुणं, इस्त्री, लोकरीला कसर लागू न देणं. टंचाईत दिवस काढणाऱ्यांना एवढं कळलं होतं की शिवण्याची वेळ जितकी लांबवता येईल तितकं बरं. म्हणून मशीनजवळ जाण्याआधी धुण्याकडे बघा. कपडे उलटे करून धुवा, चेन आणि हूक लावून धुवा म्हणजे ते शेजारच्या कपड्याला ओरबाडणार नाहीत. इलॅस्टिक असलेलं काही कढत पाण्यात घालू नका आणि रंगीत कपडे तळपत्या उन्हात दिवसभर विसरू नका. वॉशिंग मशीन असेल तर ते ठासून भरू नका. याला कष्ट जवळजवळ शून्य आहेत, आणि टोपलीत येणारे कपडे इथेच कमी होतात.

आता शिवणाकडे. शिवणकामात एक फार गोड शब्द आहे, माया. शिलाईच्या आत जास्तीचं कापड सोडतात ती माया. तयार कपड्यांत ती कमी असते, कारण वाचवलेला प्रत्येक सेंटिमीटर हजारो कपड्यांमागे मोजला जातो. मुलांचा कपडा विकत घेताना तो उलटा करून माया किती आहे ते बघायची सवय लावा. खालची दुमड दोन-तीन बोटं असेल तर तो कपडा वर्षभर मुलासोबत वाढेल. करंगळीएवढी असेल तर स्वस्त असूनही महाग पडेल. तुमच्या मुलाचं हे उंची घेण्याचं वय आहे. त्याच्या पँट थोड्या लांब घ्या, जास्तीची लांबी आत दुमडून हाताने मोठे टाके घाला, आणि घोटे दिसू लागले की टाके काढून सोडा. जुन्या दुमडीची फिकट रेघ दिसते, तिच्यावर त्याच रंगाची पट्टी नाहीतर दुसऱ्या रंगाची किनार बसवता येते. मुलाला ती किनार मुद्दामच लावलेली वाटते.

दुसरं काम म्हणजे भोक पडण्याआधी ते ओळखणं. पँट, चादर, उशीचा अभ्रा धुऊन वाळला की एकदा उजेडासमोर धरा. जिथून उजेड जास्त आरपार येतो तिथलं कापड झिजलेलं आहे. गुडघे, कोपर, मांड्यांची आतली बाजू, बसण्याची जागा. तिथे आतून जुन्या कापडाचा तुकडा लावून त्यावर जवळजवळ धावदोरे घातले की झालं. धागे शाबूत असताना हे काम दहा मिनिटांचं असतं. भोक पडल्यावर त्यालाच तास लागतो आणि दिसतंही. ठिगळासाठी नवं सुती कापड वापरणार असाल तर ते आधी धुऊन घ्या, नाहीतर पुढच्या धुण्यात ते आटतं आणि भोवतीचं जुनं कापड ओढून चुण्या पाडतं. ठिगळाचे कोपरे गोल कापा, टोकदार कोपरे आधी उचकटतात. आणि ठिगळाचा उभा धागा कपड्याच्या उभ्या धाग्याला जुळला पाहिजे. कितीही बारीक टाके घातले तरी धागा तिरपा बसला की गुडघा वाकडाच दिसतो.

चादर मधोमध विरली असेल तर ती टाकू नका. लांबीत मधून कापायची, दोन्ही बाहेरच्या काठांना एकमेकांशी जोडायचं, म्हणजे न वापरलेलं कापड मध्ये येतं आणि विरलेलं कडेला गादीखाली जातं. नव्या कडा दुमडून टीप मारली की झालं. सरळ रेषेतलं काम आहे. मशीनवर हात बसवायला अर्धवट शर्टापेक्षा हे बरं. रफूचं एकच सांगते. भोकाच्या कडेवर थांबू नका. चारही बाजूंनी सेंटिमीटरभर चांगल्या कापडात शिरा, आधी उभे दोरे, मग एक सोडून एक आडवे, आणि वळताना दोरा ताणून न घेता इवलासा सैल सोडा. धुतल्यावर दोरा आटतो, त्याला तेवढी जागा लागते.

टोपलीबद्दल. मला वाटतं तुमची खरी शत्रू मशीनपेक्षा ही टोपलीच आहे. ती भरलेली दिसली की हात चालत नाही. एकदा जमिनीवर उपडी करा. बटण, हूक, उसवलेली शिलाई, निसटलेलं इलॅस्टिक, असं दहा मिनिटांचं सगळं एकीकडे काढा. बहुतेक वेळा ढीग यातच अर्धा होतो. बाकीच्यातला प्रत्येक कपडा हातात घेऊन विचारायचं: हा नीट झाला तर कोण घालणार? नाव घेता आलं नाही तर तो कपडा संपला. त्याची बटणं आणि चेन काढून ठेवा. सुती असेल तर फडकी करा. पॉलिस्टरची फडकी करू नका, ते पाणी शोषण्याऐवजी नुसतं इकडचं तिकडे पसरवतं. शिवाय टाका घातला की टाक्याशेजारीच टरकणारं कापड असतं, त्याच्या नादी लागू नका. आणि ज्यावर जीव अवलंबून असतो असे पट्टे, म्हणजे हेल्मेटचा, गाडीतल्या मुलाच्या सीटचा, ते घरी शिवायचेच नाहीत. दप्तराचा पट्टा मात्र जरूर शिवा. शिलाईचा चौकोन आणि त्यात फुली अशी टीप मारली तर तो दप्तराहून जास्त टिकतो.

आता टोचलेल्या मुद्द्याकडे येते. यजमानांच्या कामाचे तास कमी झाले, हे तुमच्याच पत्रातलं दुसरं वाक्य आहे. मग रात्री जागता तुम्ही एकट्याच, असं का? हे वाक्य लिहिताना तुम्हालाही कदाचित जाणवलं नसेल. घरातल्या कपड्यांची काळजी ही आपलीच, असं आपण न सांगता धरून चालतो. शिंप्याच्या दुकानात मशीनवर पुरुष बसलेला आपल्याला चालतो, घरात बसलेला डोळ्यांसमोरही येत नाही. ब्रिटिश सैन्यात सैनिकांना सुई, दोरा आणि बटणांची एक छोटी गुंडाळी मिळत असे. तिचं नाव काय, तर ‘हाउसवाइफ’. लढाईवर गेलेले पुरुष आपली बटणं आपण लावत होते, फक्त पुडक्याला नाव बायकोचं.

यजमानांशी बोलताना ‘तुम्हाला माझ्या कष्टांची किंमत नाही’ इथून सुरुवात करू नका, कितीही खरं असलं तरी. कामाचे तास घटलेल्या माणसाला आपण कमी पडतो आहोत हे आधीच टोचत असतं. ‘स्वस्तात तयार मिळतं’ या वाक्यामागेही मला ते थोडं ऐकू येतं. बायको रात्री जागून पैसे वाचवते आहे हे बघणं सोपं नसावं. त्यांना सांगा, ‘तुमचं बरोबर होतं, नवं शिवणं परवडत नाही. पण ही टोपली आपल्या दोघांची.’ मग काम नेमून द्या. चेनपासून सुरुवात करायला हरकत नाही. चेन ओढल्यावर मागून उघडत असेल तर दोष बहुतेकदा दातांत नसतो, रनरची फट घासून रुंद झालेली असते. पकडीने त्याच्या दोन्ही कडा अगदी हलक्या हाताने दाबल्या की चेन पुन्हा धरते. पकड हातात आली की पुष्कळ पुरुषांना ते शिवणकाम वाटतच नाही, आपण तरी कशाला सांगा. ८ वर्षांचा मुलगा बटण लावू शकतो. बटणावर एक आगपेटीची काडी आडवी धरून तिच्यावरून टाके घाला म्हणावं, मग काडी काढून बटणाखाली दोऱ्याचे दोन-तीन वेढे. बटणाला उभं राहायला जागा मिळते आणि काजात ओढाताण होत नाही.

मुलीचं मला सगळ्यात नाजूक वाटतं. ती उद्धट आहे किंवा तिला परिस्थितीची जाण नाही, असं तुम्ही थेट लिहिलं नाहीत, पण ओळींच्या मधे आहे. जरा तिच्या जागी उभ्या राहा. ठिगळ तुम्ही लावता, पण ते घेऊन वर्गात शिरायचं तिला असतं. १३ व्या वर्षी कपडा हे अंगाइतकंच आपलं असतं. तिच्या कपड्यावर तिला न विचारता ठिगळ लावू नका, एवढा एक नियम आजपासून पाळा. बाहेर घालायचे तिचे दोन-तीन कपडे विकत येऊ देत, त्यात कमीपणा नाही. जमलं तर हंगामाच्या कपड्यांचे ठरलेले पैसे तिच्याच हातात द्या आणि निवडू द्या. एक चांगला की तीन बरे, हा हिशोब ती तुमच्या उपदेशापेक्षा लवकर शिकेल.

आणि ठिगळ लपलंच पाहिजे, हे तरी कुणी ठरवलं? जपानमध्ये साशिको नावाची पद्धत आहे. निळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने साधे धावदोरे, ओळीत, नक्षीत. मुळात झिजलेलं कापड बळकट करायला आणि ऊब धरायला शेतकऱ्या-कोळ्यांच्या घरांत घालायचे. आज तेच टाके लोक हौसेने नव्या कपड्यांवर घालतात. जीन्सच्या गुडघ्यावर रंगीत दोऱ्याची अशी नक्षी मुलीने स्वतः घातली तर ते आईचं ठिगळ राहत नाही. पण तिला आवडली तर. नाही आवडली तर सोडून द्या. तो टॉप मात्र एकदा तिच्या अंगावर बघा, रागावून नव्हे, टाचण्या घेऊन. नव्या हाताने शिवलेला गळा बहुतेकदा सैल सुटतो, खांदा उतरतो. मैत्रिणी ज्याला हसल्या ते कदाचित अर्ध्या इंचाचं असेल.

यातूनच तुमच्या मशीनचं सगळ्यात चांगलं काम निघतं. मामेबहिणीचे, आत्येभावाचे, वापरलेले पण धड कपडे घेऊन ते मापाचे करणं. बगल आत घेणं, कंबर कमी करणं, उंची चढवणं. कापड फुकट, कापण्याची भीती नाही, आणि मुलीला अंगाला नीट बसणारा कपडा मिळतो, जसा दुकानातला तयार कपडाही नेहमी बसत नाही.

मशीन विकायचं का, याचं उत्तर आज देऊ नका. तीन महिने नवं कापड बंद, चिंधीसुद्धा नाही. घेऊन ठेवलेलं आहे त्यातलं अस्तराला, ठिगळांना, पिशव्यांना वापरा. एका वहीत लिहा, कुठला कपडा वाचला आणि तो नवा घ्यावा लागला असता तर किती गेले असते. शेवटी बेरीज हप्त्यांशेजारी मांडा. बेरीज कमी भरली तर खुशाल विका, सुई-दोऱ्याने यातलं बरंच काही होतं. मध्यम मार्गही आहे, एखाद्या मैत्रिणीबरोबर मशीन वाटून घेणं आणि पंधरा दिवसांनी एक दुपार एकत्र बसणं. २००९ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये ‘रिपेअर कॅफे’ सुरू झालं ते याच कल्पनेवर. लोक मोडकं-फाटकं घेऊन एका ठिकाणी जमतात आणि ज्याला येतं तो दुसऱ्याला हात देतो. वाढती दोन मुलं बघता मला वाटतं तुमचं मशीन घरातच राहील. पण माझा अंदाज वहीपेक्षा मोठा धरू नका.

रात्रीचं शिवणं मात्र आजपासून बंद. गडद कापडावर गडद दोरा दिव्याखाली दिसत नाही, चूक होते, आणि उसवण्यात दुसरी रात्र जाते. सुट्टीच्या दिवशी सकाळचा एक तास, खिडकीपाशी, सगळ्यांनी मिळून.

राहता राहिले तुमच्या टी-शर्टचे सुटणारे टाके. तुम्ही लिहिलंत की बॉबिनचा, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाचा, ताण दहा वेळा बदलून पाहिला. दोष बहुधा तिथे नाहीच. साधी टोकदार सुई विणलेल्या, ताणणाऱ्या कापडात नीट शिरत नाही, कापड सुईबरोबर खाली जातं आणि टाका चुकतो. त्यासाठी गोल टोकाची सुई मिळते, बॉल पॉइंट म्हणून मागा. पाकिटावर ७५/११ असा आकडा बघा. पहिला आकडा म्हणजे सुईची जाडी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, म्हणजे ०.७५ मिलिमीटर. चादर-शर्टाच्या सुती कापडाला ९०/१४ ठेवा, जीन्सला १००/१६. साधारण आठ तास शिवण झालं की सुई बदला, ती बोथट झालेली डोळ्यांना दिसत नाही. टी-शर्टवर सरळ टीप न मारता बारीक नागमोडी मारा, म्हणजे कापड ताणलं तरी दोरा तुटणार नाही. मशीनला तेल शिलाई मशीनचंच घाला, घरातलं दुसरं कुठलंही तेल आत चिकट होऊन बसतं. आधी कापून उरलेल्या तुकड्यावर टीप मारून बघा. टाके नीट आले, तर बॉबिनच्या स्क्रूला पुन्हा हात लावू नका.